बव्हेरियात बीअर आणि जुन्या इमारती, दोन्ही नीट: मित्रांच्या ट्रिपचा टप्प्याटप्प्याने हिशोब

मी एर्लांगनला राहतो, म्हणजे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, न्यूर्नबर्ग आणि बांबर्गच्या मधे, त्यामुळे दर उन्हाळ्यात पुण्या-ठाण्याहून कुणाचा ना कुणाचा ग्रुप येऊन धडकतो आणि गंमत म्हणजे प्रत्येक ग्रुप त्याच चुका करतो. दहा दिवसांत सहा शहरं, पहिल्याच दुपारी एक लिटरचा मग, मग हॉटेलवर झोप, उठेपर्यंत चर्चला कुलूप, आणि शेवटी "अरे इमारती बाहेरूनच बघितल्या". बीअर चुकत नाही कुणाची, क्रम चुकतो. म्हणून हे एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कुणी फोन केला की लिंक पाठवून मोकळा.

टप्पा १: आधी माणसं मोजा, मग शहरं

ग्रुप चार किंवा पाचचा ठेवा. बव्हेरियाचं एक दिवसाचं रेल्वे तिकीट एकावर पाच जणांपर्यंत चालतं, सहावा आला की दुसरं तिकीट. पब-बीअरगार्टनमधे पाच जण एका लांब बाकावर कसेही मावतात, नऊ जण मावत नाहीत. दहाचा ग्रुप असेलच तर सरळ पाच-पाच असे दोन करा, दिवसा वेगळे फिरा, रात्री एकत्र बसा.

पैशाचं निघायच्या आधी ठरवा. ग्रुपमधे एक तरी न पिणारा असतोच, आणि पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात येतं की आपण लिंबूपाणी पिऊन बाकीच्यांच्या बीअरची कॉन्ट्री भरतोय. राहणं, गाड्या, तिकिटं यांची समान वाटणी आणि खाण्यापिण्याचं टीटीएमएम, हे सगळ्यात कमी भांडणाचं. शाकाहारी किती, बीफ किंवा पोर्क न खाणारे किती, हेही आत्ताच विचारून घ्या, त्याचं कारण टप्पा ७ मधे येईल.

टप्पा २: तारीख

बीअरगार्टन उघड्यावर असतात आणि हवेवर चालतात, साधारण एप्रिल-मे ते सप्टेंबर. मे, जून आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात बरा वाटतो.

सगळ्यांना ओक्टोबरफेस्टच, म्हणजे म्युनिकच्या मैदानावरचं मोठं बीअरफेस्टच, हवं असतं आणि नावामुळे लोक ऑक्टोबरची तिकिटं काढतात! ते सुरू होतं १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी आणि संपतं ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास. २०२६ मधे १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. म्हणजे ७ ऑक्टोबरला उतरलात तर मैदानावर तंबू उतरवणारे कामगार दिसतील. शिवाय आपल्याकडे हे दिवस गणपती आणि पितृपक्षाच्या आसपास येतात, ग्रुपमधला एखादा विसर्जनाशिवाय घर सोडणार नाही आणि दुसऱ्याच्या घरी पक्ष असेल, आधी विचारा.

तिकडे जायलाच हवं असं नाही. आमच्या एर्लांगनचं बेर्गकिर्शवाय हे बीअरफेस्ट पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या आधीच्या गुरुवारी सुरू होतं आणि बारा दिवस चालतं, म्हणजे मे-जूनमधे, आणि तिथे तंबू नाहीत, टेकडीच्या उतारावर झाडांखाली बाकं आणि मागे खडकात खोदलेली बीअरची जुनी तळघरं. जुलैच्या शेवटी फोर्शहाइमचं आन्नाफेस्ट, तेही असंच रानातल्या तळघरांपाशी, साधारण आपल्या गटारीच्या सुमारास. ऑगस्टच्या शेवटी बांबर्गचं झांडकेरवा. पण श्रावण पाळणारा मित्र असेल तर ऑगस्ट नकोच, बिचारा दहा दिवस ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारलेले पाव, चघळत बसेल.

तपासा: बव्हेरियात १५ ऑगस्ट, ३ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर या सुट्ट्यांना (१५ ऑगस्टला बहुतेक गावांत) आणि प्रत्येक रविवारी दुकानं बंद. पब उघडे असतात, पण सुपरमार्केटमधून दूध-ब्रेड मिळणार नाही.

टप्पा ३: व्हिसा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस. हे १५ दिवस कागदावरचे समजा. खरी अडचण अपॉइंटमेंटची असते, उन्हाळ्याच्या तोंडावर त्या पटापट संपतात, त्यामुळे तीन-चार महिने आधी कामाला लागा. मोठ्या माणसाची फी ९० युरो, वर केंद्राचा सेवाशुल्क. ग्रुप असला तरी अर्ज प्रत्येकाचा वेगळा, अपॉइंटमेंटही वेगळी.

लोक इथे कुठे चुकतात:

हॉटेल बुकिंग एकाच्याच नावावर असतं. बुकिंगच्या कागदावर सगळ्यांची नावं यायला हवीत, नसतील तर हॉटेलला मेल करून नवीन कागद मागवा.

जर्मनीचा व्हिसा मागतात आणि प्लॅनमधे प्रागला जास्त रात्री. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार तिथे.

इन्शुरन्स. कमीत कमी ३०,००० युरोचं कव्हर आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, परतीच्या दिवसापर्यंत. एक दिवस कमी पडला तरी फाइल अडते.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी.

आणि बँक स्टेटमेंटमधे अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाकडून अचानक तीन लाख जमा, हे करू नका, लगेच डोळ्यावर येतं.

सावधान: नकार आला तर पूर्वी जर्मन दूतावासाकडे फुकटात फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ते बंद झालंय. आता पर्याय म्हणजे नवीन अर्ज, नवीन फी, किंवा कोर्ट. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका.

टप्पा ४: मुक्काम तीन, जास्त नाही

नऊ रात्री धरा. म्युनिक ४, रेगेन्सबुर्ग १, बांबर्ग ४. बस.

बहुतेक ग्रुप सगळ्या रात्री म्युनिकमधे काढतात आणि बांबर्गला एका दिवसात जाऊन येतात. रिजनल गाडीने ते एका बाजूला अडीच-तीन तास पडतं, त्यामुळे संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे खरी मजा सुरू होताना, ही मंडळी स्टेशनकडे पळत असतात. बांबर्गची संध्याकाळ टेकडीवर असते, तिथे राहायलाच हवं. न्यूर्नबर्ग मग बांबर्गहून दिवसाचं काम, गाडीने पाऊण तास.

कोल्न (इंग्रजीतलं कलोन) जोडायचा मोह होईल, तिथली कोल्श बीअर आणि ५३३ पायऱ्यांचं कॅथेड्रल, दोन्ही भारी आहेत, पण ते देशाच्या दुसऱ्या टोकाला. वेगळी ट्रिप करा. आणि केलीत कधी तर एवढं लक्षात ठेवा, तिथला वेटर ०.२ लिटरचे ग्लास न विचारता आणून ठेवत राहतो, पुरे झालं की ग्लासवर बीअरचा पुठ्ठा ठेवायचा. आमच्या एका पाहुण्याला हे माहीत नव्हतं, तो सौजन्य म्हणून प्रत्येक ग्लास संपवत गेला.

रूम घेताना स्टेशनपासूनचं अंतर बघा, रात्री बारा वाजता दगडी रस्त्यावरून दोन किलोमीटर चालणं तेव्हा मजेचं वाटत नाही.

टप्पा ५: गाड्या

बायर्न-तिकीट (टप्पा १ मधलं तेच) घ्या. एका दिवसाचं, पाच जणांपर्यंत, पूर्ण बव्हेरियात रिजनल गाड्या आणि बहुतेक शहरांतल्या बस, ट्राम, मेट्रोलाही चालतं. पण त्याच्या अटी नीट वाचा:

सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच. दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत चालतं. शनिवार-रविवार आणि सुट्टीला मध्यरात्रीपासूनच.

आरई, आरबी (रिजनल गाड्या) आणि एस-बान (लोकल) चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या नाही. फलाटावर पांढरी चकाचक गाडी आधी आली म्हणून चढायचं नाही.

तिकिटावर सगळ्यांची नावं लिहायची. लिहिली नाहीत तर तिकीट असून नसल्यासारखं.

स्टेशनवर गेट नसतं, कुणी अडवत नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं चालतंय. एक ग्रुप मंगळवारी ८:४० च्या गाडीत बसला, वीसच मिनिटांचा तर प्रश्न आहे म्हणून. तपासनीस आला, माणशी ६० युरो. त्याच्याशी हुज्जत घालून काहीही होत नाही, करून बघितलंय त्यांनी.

सावधान: म्युनिकच्या एस-बान, यू-बानमधे (लोकल आणि मेट्रोत) दारू पिणं बंद आहे, उघडी बाटली हातात घेऊन चढू नका. आणि रात्री रस्त्याकडेला उभी असलेली भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर, तिला कारचाच नियम लागतो, रक्तात ०.५ पर-मिल (हजारात अर्धा भाग) अल्कोहोल ही हद्द. "सायकलसारखीच तर आहे" म्हणून पिऊन चढलेले पर्यटक पोलिसांना रोज सापडतात. कार भाड्याने घ्यायचा विचार असेल तर या ट्रिपसाठी तो सोडूनच द्या.

टप्पा ६: दिवसाचा क्रम, आणि पेगचा हिशोब

याच टप्प्यासाठी खरं तर सगळा लेख लिहिलाय. क्रम असा: सकाळी जे चढायचं ते, दुपारच्या आत चर्च, दुपारी जेवणासोबत एक, मग चालणं, संध्याकाळी बसणं. टॉवर नेहमी पहिल्या बीअरच्या आधी. म्युनिकच्या जुन्या पेटर चर्चच्या टॉवरला ३०६ पायऱ्या आहेत आणि जिना अरुंद, वरून येणाऱ्याला जागा द्यायला भिंतीला चिकटावं लागतं. दोन हाफ लिटर पोटात घेऊन तो जिना चढणारे मी बघितलेत, त्यांना वर गेल्यावर शहर दिसत नव्हतं, कठडा दिसत होता फक्त.

चर्चमधे प्रार्थना चालू असताना फिरता येत नाही, रविवारी सकाळ त्यामुळे हातची जाते. रविवारी सकाळी पूल, गल्ल्या, किल्ले करा. बरीच म्युझियम सोमवारी बंद. आणि पबांनाही आठवड्याची सुट्टी असते, दारावर रूहेटाग लिहिलेलं दिसेल, फ्रांकनमधल्या, म्हणजे बांबर्ग-न्यूर्नबर्गकडच्या उत्तर बव्हेरियातल्या, छोट्या ब्रुअरी तर सर्रास सोमवार-मंगळवार बंद असतात. आदल्या रात्री तीन गोष्टी तपासायच्या: चर्चची वेळ, पबची सुट्टी, शेवटची गाडी.

आता हिशोब. आपल्याकडे परमिट रूममधे बसणाऱ्याला पेग कळतो, लिटर कळत नाही, म्हणून भाषांतर करून देतो. आपला ३० मिलीचा स्मॉल पेग ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे १३ मिली अल्कोहोल. साधी हेलेस बीअर ५ टक्के, अर्धा लिटर म्हणजे दोन स्मॉल. ओक्टोबरफेस्टची बीअर ६ टक्क्यांच्या आसपास, ती लिटरच्या मगातच मिळते, एक मग म्हणजे साडेचार-पाच स्मॉल. आंडेक्स मठाची काळी डोप्पेलबॉक, म्हणजे कडक जातीची बीअर, ७.१ टक्के, अर्ध्या लिटरमधे जवळजवळ तीन. गोडसर असते, सरबतासारखी जाते, आणि तासाभराने कळतं. ज्या बीअरचं नाव "-आटोर" ने संपतं ती बहुतेक याच जातीची समजा आणि एकावर थांबा.

मधे श्वास घ्यायचा असेल तर राडलर मागा, अर्धी बीअर अर्धं लिंबू-सोडा, कुणी हसत नाही. बिनअल्कोहोलची वाइसबिअरही (गव्हाची बीअर) सगळीकडे मिळते आणि खरंच चांगली असते, न पिणाऱ्या मित्राला तीच द्या, त्याच्या हातातही उंच ग्लास येतो.

टप्पा ७: बाकावर बसण्यापासून बिलापर्यंत

१) जागा. बीअरगार्टनमधे ज्या टेबलांवर कापड नाही तिथे सेल्फ सर्व्हिस, आणि म्युनिकच्या पारंपरिक गार्टनमधे तिथे घरचं खाणं आणून खाता येतं. हो, खरंच, लोक डबे उघडून बसतात. ठेपले, चिवडा, दाण्याची चटणी, काहीही काढा, चकण्याचा प्रश्न मिटला. पेय मात्र तिथलंच घ्यायचं. कापड घातलेल्या टेबलावर वेटर येतो, तिथे डबा काढू नका.

२) टेबल अर्धं रिकामं असेल तर बसलेल्यांना "इस्ट हिअर फ्राय?" (इथे रिकामं आहे का?) विचारायचं आणि बसायचं, अनोळखी लोकांबरोबर बसणं तिथे नेहमीचंच. फक्त एक टेबल सोडून: ज्यावर श्टामटिश अशी पाटी आहे ते. ते रोजच्या गिऱ्हाइकांचं, भले रात्री नऊपर्यंत रिकामं असो. आपल्या गावातल्या पारावर म्हाताऱ्यांची ठरलेली जागा असते ना, तसंच.

३) ऑर्डर. नुसतं "बिअर" म्हटलं तर म्युनिकमधे हेलेस येते. मास म्हणजे एक लिटर, हाल्बे म्हणजे अर्धा. फ्रांकनमधे अर्ध्याला झाइडला म्हणतात. सेल्फ सर्व्हिसमधे ग्लासचं डिपॉझिट घेतात, ग्लास परत केला की पैसे परत, टोकन दिलं असेल तर ते सांभाळा.

४) प्रोस्ट, म्हणजे चिअर्स. सगळ्यांचे ग्लास येईपर्यंत थांबा, मग प्रत्येकाच्या डोळ्यात बघून ग्लास लावायचा. वाइसबिअरचा उंच ग्लास वरून पातळ असतो, तो तळाशी टेकवतात. मोबाइलकडे बघत ग्लास पुढे करणं तिथे उद्धट वाटतं.

५) खाणं. टेबलावर टोपलीत ब्रेत्सेल ठेवलेले असतात ते फुकट नसतात, खाल्ले तेवढे मोजून बिलात लागतात. पाणीही विकतचं. शाकाहाऱ्यांसाठी: केजश्पेत्सले म्हणजे चीजमधले नूडल, ओबात्सडा म्हणजे चीज-लोणी-कांदा-पाप्रिकाचं मिश्रण ब्रेत्सेलबरोबर, रायबरडाची म्हणजे बटाट्याचे कुरकुरीत थालीपीठवजा घावन. आणि फसवणाऱ्या गोष्टी: लेबरकेज या नावात केज म्हणजे चीज आहे पण तो अख्खा मांसाचा लादा आहे. बव्हेरियन बटाट्याच्या सॅलडमधे बहुतेक वेळा मांसाचा रस्सा असतो. ब्रेडबरोबर पांढरं लोण्यासारखं श्माल्त्स येतं ती डुकराची चरबी. "ओन श्पेक, ओन फ्लाइश" एवढं पाठ करा, बेकनशिवाय, मांसाशिवाय. बीफ टाळणाऱ्यांनी रिंड आणि काल्ब हे दोन शब्द मेनूवर शोधायचे, पोर्क टाळणाऱ्यांनी श्वाइन. पांढरी वाइसवुर्स्ट सॉसेज वासराच्या आणि डुकराच्या मांसाची असते. ज्यांना चालते त्यांनी ती दुपारी बाराच्या आत खायची, गोड मोहरीबरोबर, साल काढून. साल खाऊन वर "रबरी आहे" म्हणू नका.

६) बिल. वेटर पुठ्ठ्यावर पेन्सिलने रेघा मारत जातो, तो पुठ्ठा म्हणजे तुमचं बिल, त्यावर फोन नंबर लिहू नका, भिजवू नका, खिशात टाकू नका. "त्सुझामेन ओडर गेट्रेंट?" विचारेल, एकत्र की वेगळं. एकत्र सांगा, घरी जाऊन हिशोब करा, पाच कार्डांवर पाच बिलं मागितलीत तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. टिप टेबलावर ठेवून जायची पद्धत नाही. बिल ४६ झालं असेल तर पैसे देतानाच "५०" म्हणायचं. पाच ते दहा टक्के पुरते.

सावधान: रोख ठेवा. टेकडीवरच्या तळघर-बागांत आणि छोट्या ब्रुअरीत बऱ्याचदा कार्ड चालत नाही. "कार्ड चालतं" म्हणाले तरी कधी कधी फक्त जर्मन बँकेचं गिरोकार्ड चालतं, आपलं नाही. माणशी शंभर युरो सुटे खिशात असू द्या. आणि शौचालयाच्या दारावर एच म्हणजे हेरेन, पुरुषांचं, डी म्हणजे डामेन, बायकांचं. इंग्रजी डोक्याने हेरेनमधे "हर" वाचून आत गेलेल्या दोन मैत्रिणी आहेत माझ्या.

टप्पा ८: गावानुसार काय, कुठल्या क्रमाने

म्युनिक. पहिला दिवस उतरण्याचा, विमानतळावरून एस-१ किंवा एस-८ ने पाऊण तासात गावात, फक्त पाय मोकळे करा, एक हेलेस, झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटर चर्चचा टॉवर, मग ११ किंवा १२ ला नगरपालिकेच्या घड्याळातल्या बाहुल्या, मग झेंडलिंगर श्ट्रासेवरचं आझाम चर्च. याला घाईत पाच मिनिटं देतात लोक, अर्धा तास द्या. जेमतेम आठ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना घरं चिकटलेली, आझाम या कलाकार बंधूंनी एवढ्याशा जागेत उंचीवर खेळ केलाय, वरून कुठूनतरी उजेड येतो आणि खिडकी सापडत नाही. ती खिडकी शोधत बसा, कारण हीच युक्ती पुढे वेल्टेनबुर्गच्या मठात परत भेटणार आहे. दुपारी व्हिक्टुआलियनमार्क्टमधलं गार्टन, तिथे म्युनिकच्या सहा ब्रुअरींची बीअर आळीपाळीने असते. रात्री आउगुस्टिनर-केलर, तिथे लाकडी पिंपातली मिळते.

तिसरा दिवस आंडेक्स. एस-८ ने हेरशिंग, तिथून ओढ्याकाठच्या रानातून तासभर चढत मठ. आधी चर्च, मग बीअर. उलटं केलंत तर चर्च राहतं, मी सांगतोय ते अनुभवाने. परतीच्या बसची वेळ चढायच्या आधी बघून ठेवा, अंधारात डोप्पेलबॉक घेऊन रानातून उतरू नका. चौथा दिवस ऑलिम्पिक पार्कची १९७२ ची तंबूसारखी छतं आणि इंग्लिश गार्डन, आरामात.

रेगेन्सबुर्ग आणि वेल्टेनबुर्ग. सामान रेगेन्सबुर्गच्या लॉकरमधे किंवा हॉटेलवर टाका, गाडीने झाल, तिथून बसने केलहाइम, आणि मग बोट. डॅन्यूब इथे उंच कड्यांमधून जाते, प्रवाहाविरुद्ध जाताना चाळीस मिनिटं, येताना वीस. मठाच्या चर्चमधे वेदीवर घोड्यावरचा सेंट जॉर्ज आहे, त्याच्या मागून लपलेल्या खिडकीतून प्रकाश येतो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दाराशीच थांबा. मग अंगणात बसून इथलीच काळी बीअर. शेवटची बोट चुकवू नका, हिवाळ्यात बोटी बंदच असतात. संध्याकाळी रेगेन्सबुर्गचा १२ व्या शतकातला दगडी पूल.

बांबर्ग. सकाळी लवकर, गर्दीच्या आत, नदीच्या मधोमध उभी असलेली जुनी नगरपालिका. भिंतीवरच्या चित्रातल्या एका बाळ-देवदूताचा पाय भिंतीबाहेर आलाय, खराखुरा घडवलेला, तो शोधा. मग कॅथेड्रल. इथे लोक घोडेस्वाराचा पुतळा बघून निघतात. तसं नका करू, आधी पूर्वेचं टोक बघा, गोल कमानी, जाड भिंती, मग चालत पश्चिमेला जा, कमानी टोकदार होतात. एकाच इमारतीत रोमनेस्क संपून गॉथिक सुरू होताना दिसतं, पुस्तक वाचायची गरज नाही.

दुपारी श्लेंकेरला, धुराची बीअर. बीचच्या लाकडावर माल्ट वाळवतात, त्यामुळे पहिला घोट म्हणजे भरताचं वांगं भाजल्यावर हाताला येतो ना, तो वास. निम्मे लोक पहिल्या घोटाला ग्लास सरकवतात. सरकवू नका, एक पूर्ण प्या, दुसऱ्यापासून धूर मागे जातो. पाच जणांत पाच मागवायच्या ऐवजी आधी दोन मागवा.

संध्याकाळी "केलरवर" जायचं. इथे तळघरात जातो असं म्हणत नाहीत, तळघरावर जातो म्हणतात, कारण बीअर खडकाच्या पोटात थंड ठेवायचे आणि लोक वर झाडांखाली बसायचे. श्टेफान्सबेर्गवरच्या श्पेत्सियाल-केलरवरून कॅथेड्रलचे चारही मनोरे समोर दिसतात, सूर्यास्ताच्या तासभर आधी जाऊन जागा धरा. शेवटी अजून थोडीच हवी असेल तर "श्निट" मागा, अर्धवट भरलेला ग्लास येतो, कमी पैशात.

न्यूर्नबर्ग. स्टेशनकडून वर चढत जा म्हणजे क्रम आपोआप लागतो: लोरेन्त्स चर्च, बाजारचौक, झेबाल्ड चर्च, किल्ला. लोरेन्त्समधे आडाम क्राफ्टचा वीस मीटर उंच दगडी मनोरा आहे, तो खांद्यावर पेलून गुडघ्यावर बसलेला माणूस म्हणजे शिल्पकार स्वतः. दुपारी शहराखालची खडकातली बीअर-तळघरं, गाइडबरोबरच जाता येतं, बाहेर तीस डिग्री असली तरी जॅकेट घ्या. वर आल्यावर पावात तीन छोटी सॉसेज आणि लाल बीअर.

टप्पा ९: ओक्टोबरफेस्टचा हट्ट असेलच तर

मैदानात यायला पैसे लागत नाहीत, कुणी "एंट्री तिकीट" विकत असेल तर फसवतोय. टेबल रिझर्व्ह करायचं तर त्या त्या तंबूवाल्याकडूनच, तिऱ्हाइताकडून नाही. रिझर्व्हेशन नसेल तर सोमवार ते गुरुवार, सकाळी दहाला तंबू उघडताना हजर. बसल्याशिवाय बीअर देत नाहीत, त्यामुळे आधी जागा मग गप्पा. २०२५ मधे एक मग साधारण साडेचौदा ते पावणेसोळा युरोला होता. तीन लिटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही, सॅक हॉटेलवर ठेवा. एकमेकांना शोधायची जागा आधी ठरवा, आत फोन ऐकू येत नाही. आणि बीअरचा मग तिथून उचलून आणू नका, गेटवर तपासतात आणि ती चोरीच धरतात.

टप्पा १०: परत येताना

भारतात माणशी दोन लिटर दारू ड्यूटीशिवाय आणता येते आणि त्यात बीअरही मोजतात, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. हॅंडबॅगेत नाही, चेक-इनमधे. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिक पिशवीत गाठ मारून, मग जाड मोज्यात, मग सॅकच्या मधोमध कपड्यांत, कडेला नाही. रिकाम्या बाटल्या-कॅन फेकू नका, कॅन आणि प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट आणि बीअरच्या साध्या काचेच्या बाटलीचे ८ सेंट सुपरमार्केटच्या मशीनमधे परत मिळतात. शेवटच्या रात्री रूममधल्या सगळ्या गोळा करा, पाच जणांच्या मिळून विमानतळावरची एक कॉफी तरी नक्की सुटते.